डावखुरा मेंढपाळ

पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला, तसा एचिंगची, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापायची चित्रं करणाऱ्या नवऱ्याने कोरायची सुई बायकोपुढे सरकवली. “टाकून दे. संपलं माझं.” तिने भिंतीवरचं, अठराव्या शतकातलं तळहाताएवढं एचिंग उतरवून त्याच्या मांडीवर ठेवलं. झाड, ओढा, मेंढ्या, मेंढपाळ. “याला जन्मभर हसलात ना?” तो हसायचाच. तांब्याच्या पत्र्यावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं, हे काढणारा विसरला आणि मेंढपाळाची काठी डाव्या हातात गेली. “अहो, अडीचशे वर्षं हा डाव्या हाताने मेंढ्या राखतोय. एक तरी हरवली?” “मोजतेस?” “रोज. काच पुसायचा नेमच माझा.” तिने मेण चढवलेला पत्रा पुढ्यात मांडला आणि सुई डाव्या मुठीत दिली. पहिली रेघ वेडीवाकडी गेली. “ओढा छान वाहतोय,” ती म्हणाली. “डोंगर होता तो.” “ओढा तर ओढा,” म्हणत त्याने सुई पुन्हा टेकवली.