अडवलेले चेंडू

"फलक घेईन, फोटो काढू देईन आणि खाली उतरेन," लोर्ना म्हणाली. "एक शब्द बोलणार नाही. आणि तूही जपून बोल."

"अगं, मला तर बोलायलाच बोलावलंय," जनीन म्हणाली आणि तिने मिठाच्या पाण्यात उकडलेला अख्खा बटाटा लोण्यात बुडवून तोंडात टाकला.

ते खरंच होतं. ऑलब्रुक कॉलेजच्या लॅक्रोस खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नामवंत खेळाडूंच्या भिंतीवर, कुणाचं नाव लागायचं असेल, तर त्याची ओळख त्याच्या टीममधल्या जुन्या सोबत्यानेच करून द्यायची, असा तिथला रिवाज. लोर्नाने जनीनचं नाव कळवलं होतं. जनीन बचावाला तिच्या पुढ्यात खेळायची, आणि दुसऱ्या कुणाचं नाव दिलं असतं तर जनीनने तिला जन्मभर सुखाने जगू दिलं नसतं. पण जनीनच्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं, आता साठी उलटल्यावर कुठून येणार?

"हरल्याचं काढायचं नाही. शपथ घे."

"कशाची घेऊ?"

"तुझ्या नव्या गुडघ्याची."

जनीनने गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा महागातला होता, त्यामुळे लोर्नाला जरा धीर आला.

मुलींची टीम कॉलेजात पहिल्यांदा उभी राहिली त्या वर्षी लोर्ना गोलमध्ये होती. त्या टीमने एकही सामना जिंकला नाही. लग्नात अक्षता पडाव्यात तसे तिच्यावर चेंडू पडायचे, फक्त हे रबरी होते आणि लागायचे. मांड्या काळ्यानिळ्या व्हायच्या. जाळीच्या काठीने, पोटाने, खांद्याने, जमेल तशाने तिने ते अडवले. एका मोसमात इतके चेंडू त्या कॉलेजात नंतर कुणीच अडवले नाहीत. हाच तिचा विक्रम. तिने सोडलेल्या गोलांचा आकडाही कुणी मोडू शकलेलं नव्हतं, पण ते फलकावर कोरण्याइतकं कॉलेज निष्ठुर नव्हतं.

हा विक्रम झाला कसा, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आज विचारलं. जेवणाआधी सध्याच्या टीमची गोलरक्षक, टेसा नावाची उंचपुरी पोरगी, तिच्यापुढे येऊन उभी राहिली. यंदाचं अजिंक्यपद तिच्याच टीमचं. "बाई, एवढे कसे हो अडवलेत?" तिने विचारलं. "माझ्याकडे तर निम्मेसुद्धा येत नाहीत!" लोर्नाच्या हातातला सफरचंदाचा रस तिच्या नव्या ब्लाउजवर सांडला. पुसण्याच्या निमित्ताने ती जी सटकली, ती थेट जनीनच्या टेबलाशी येऊन बसली आणि तिला सगळं सांगून मोकळी झाली.

आता मंचावर आजच नाव लागलेला जुना खेळाडू ट्रेंट ह्यूलेट बोलत होता. त्याने तीन फायनल जिंकल्या होत्या आणि तिन्ही सविस्तर सांगितल्या. लोर्ना ऐकत होती आणि तिचा जीव कानकोंडा होत होता. असल्या माणसांच्या भिंतीवर आपलं नाव? हरलेल्या टीमचं? तिला घरी जावंसं वाटत होतं, अगदी मनापासून.

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं. लोर्ना फलकाशेजारी जाऊन उभी राहिली. जनीन माइकपाशी गेली, घसा साफ केला आणि मागच्या टेबलाकडे बोट केलं.

"त्या टेसाने मघाशी विचारलं, एवढे चेंडू कसे अडवले? सांगते. आम्ही बचावाच्या पोरींनी ठरवलं होतं, आपल्या लोर्नाचं नाव व्हायला हवं. मग कुणी चेंडू घेऊन आली, की आम्ही हळूच बाजूला व्हायचो. या ताई, आत या, करा गोल! तिचा आकडा वाढत गेला. विक्रम तिचा, मेहेरबानी आमची."

काही जण हसले. काहींना हसावं की नाही कळेना. कॉलेजचे क्रीडाप्रमुख हातातल्या कागदात डोकं घालून बसले. टेसाचा चेहरा खर्रकन उतरला.

लोर्नाच्या कानांतून वाफा निघाल्या. तिने जनीनच्या हातातला माइक हिसकावला.

"खोटं! साफ खोटं! ही बाजूला व्हायची? हिला पळता तरी येत होतं का? चेंडू तिकडे, ही इकडे! अहो, आम्ही एकही सामना जिंकलो नाही. एकही! परत येताना बसचा ड्रायव्हर आमची समजूत काढायचा. पण मुद्दाम कुणी वाट दिली नाही. ह्या धावायच्या, पडायच्या, उठायच्या, पुन्हा पडायच्या. गुडघे फोडून घ्यायच्या. ही जनीन तर सामना संपल्यावर रडायची आणि मलाच सॉरी म्हणायची. मी अडवलेला एकेक चेंडू समोरचीने जीव खाऊन मारलेला होता. एकही दान म्हणून मिळालेला नाही. कळलं?"

मग मागच्या टेबलावर कुणीतरी मूठ आपटली. टेसा उभी होती. तिच्या टीमने टेबलं बडवायला सुरुवात केली, कपबश्या नाचू लागल्या, आणि बघता बघता ट्रेंट ह्यूलेटसकट सगळा हॉल उभा राहिला.

लोर्ना भांबावली. आपण काय बोलून बसलो ते तिला आत्ता उमगत होतं, आणि नवल म्हणजे लाज कुठेच वाटत नव्हती. तिने रागाने जनीनकडे पाहिलं. एवढं ऐकून घेऊनही जनीन हाताची घडी घालून मजेत उभी होती. डोळे तेवढे पाणावले होते.

"बोल पुढे," जनीन म्हणाली. "भाषण झकास सुरू केलंयस."