जुळलेले जबाब

शनिवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी स्क्वाड्रन लीडर जयराज बर्गे कुपवाडमधल्या एका लेथ वर्कशॉपसमोर मोटारसायकलवरून उतरला. कुठे जातोय ते त्याने कोरेगावात घरी सांगितलं नव्हतं. चौकशी चालू असताना दोन साक्षीदारांनी एकमेकांना भेटू नये, असा नियम होता. एक साक्षीदार तो स्वतः. दुसरा, त्याचा शिकाऊ वैमानिक रिजवान शिकलगार, आत बापाच्या लेथवर उभा होता.

एकोणीस दिवसांपूर्वी प्रशिक्षण तळावर उतरताना त्यांचं विमान धावपट्टीवर आपटलं होतं. पुढचं चाक तुटलं, पंखाचं टोक घासत गेलं. दोघांना खरचटलंही नाही. पण आपटण्याआधीचे चार सेकंद स्टिक, म्हणजे विमान हाकायचा दांडा, दोघांपैकी कोणाच्याच हातात नव्हती. मी त्याला सोडायला सांगितलं नव्हतं, असं जयराजने जबाबात लिहिलं. मी आपणहून सोडली, असं रिजवानने लिहिलं. जबाब तंतोतंत जुळले. मंगळवारी चौकशी समिती शेवटचं ऐकणार होती. त्यानंतर रिजवानचं उडणं कायमचं बंद होणार, हे तळावरच्या स्वयंपाक्यालाही ठाऊक होतं. जयराजला मात्र लढाऊ विमानांच्या तुकडीवर परत जाण्याचा हुकूम आला होता. तीन वर्षं पोरांना शिकवल्यावर आलेला.

जबाब जुळले, तेच त्याला खुपत होतं. हा पोरगा स्टिक सोडणाऱ्यातला नव्हता. उलट फार घट्ट धरतो म्हणून सहा महिने त्याने बोलणी खाल्ली होती.

"आवं साहेब, या की." रिजवानचे वडील नियाजभाई यांनी स्टूल पुढे केलं. "पोरगं म्हणतंय सुट्टी हाय. एवढी? आमच्या शेजारच्या लालासाहेबाचा थोरला बारा वर्सं फौजेत हाय, त्येला लग्नालाबी एवढी मिळाली न्हाई."

जयराजने हसल्यासारखं केलं.

"मग कुठलं इमान देणार ह्येला? लढाईचं का माल वाहायचं? माल वाहायचा असंल तर इथं टेम्पो हायच की."

"अब्बा, बास," रिजवान म्हणाला. सर आलेले त्याने पाहिले होते, पण हातातलं काम थांबवलं नव्हतं. फिरत्या शाफ्टला तो पॉलिश पेपरची पट्टी लावत होता.

चहा सांगायला वळता वळता नियाजभाईंची नजर लेथवर गेली.

"सोड."

आवाज चढला नव्हता. रिजवानचे दोन्ही हात छातीशी आले. मान त्यानंतर वळली. पट्टी शाफ्टला गुंडाळून गरगर फिरत राहिली. नियाजभाईंनी बटण बंद केलं आणि आपल्या उजव्या हाताची अर्धी तर्जनी जयराजला दाखवली.

"हे गेलं तवापासनं शिस्त हाय. सोड म्हटलं की आधी हात काढायचा, मग का म्हणून इचारायचं. लय बारका हुता तवापासनं शिकवलंय."

जयराज बसल्या जागेवरून उठला. रिजवानला घेऊन तो मोटारसायकलपाशी आला.

"त्या दिवशी उतरतानाचं वळण मोठं झालं. धावपट्टीवर येता येता तू सॉरी म्हणालास. त्यावर मी काय म्हणालो?"

रिजवानने खिशातून चिंधी काढली.

"बोल की."

"'सोड, गड्या.'"

जयराजला ते आठवतच नव्हतं. आता आठवलं. झालं ते झालं, मनाला लावून घेऊ नको, एवढंच त्याला म्हणायचं होतं. स्टिक देता-घेताना ठरलेले इंग्रजी शब्द असतात. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने परत म्हणायचे. आपली गावाकडची बोली ते दोघे फक्त जमिनीवर बोलत. त्या सकाळी ती एकदाच आकाशात गेली होती.

"मग लिहिलं का नाहीस?"

"चूक माझीबी हाय, सर. ठरलेले शब्द आले न्हाईत, तर मी सोडायचीच नव्हती." रिजवान हाताचं तेल चिंधीला पुसत राहिला. "आन् मी गेलो तर एकटा जातोय. तुमच्या हाताखाली आजून चार पोरं हायत. त्यातली दोन तर तुमच्यामुळंच टिकल्यात."

बदलीच्या हुकुमाबद्दल जयराज बोलला नाही. "मंगळवारी मी खरं सांगणार आहे," एवढंच म्हणाला आणि चहा न घेता निघाला.

मंगळवारी अकरा वाजता त्याने नवा जबाब दिला. तीन ओळींचा. समितीत मराठी कोणाला येत नव्हतं. तळावरच्या एका मराठी अधिकाऱ्याला बोलावून शब्दाचा अर्थ विचारण्यात आला. तो म्हणाला, दोन होतात. हातातलं सोड, किंवा मनातलं सोड.

"तुम्ही दोघं एकाच भागातले ना?" अध्यक्षांनी जयराजला विचारलं.

"हो, सर."

"अपघातानंतर भेटलात?"

"हो, सर."

पावणेचारला रिजवानला आत घेतलं. 'सोड'चा यातला कुठला अर्थ तू घेतलास, इतकंच त्याला विचारलं.

"सर काहीच बोलले नव्हते," रिजवान म्हणाला.

सहा वाजता समितीने आपल्या भागातल्या पोराला वाचवायला खोटा जबाब दिल्याच्या संशयावरून जयराजला शिकवण्याच्या कामावरून दूर केलं. दोघांबद्दलचा निर्णय राखून ठेवला आहे. चार पोरांची उड्डाणं बुधवारपासून थांबली आहेत. त्यांना नवा प्रशिक्षक अजून मिळालेला नाही.