प्रस्तावनेतली चांदणी

आमच्या ह्यांनी तीस वर्षं एका क्रियापदाला वाहिली. दीड हजार वर्षांपूर्वीचे स्लाव्ह लोक 'वाट पाहणे' कसं म्हणत असतील, ते आजच्या रशियन, पोलिश शब्दांवरून सगळ्या रूपांसकट जुळवायचं. त्या लोकांनी काहीच लिहून ठेवलं नाही, त्यामुळे चूक काढायलाही कोणी आलं नाही.

अशा जुळवलेल्या शब्दाआधी चांदणी छापतात. म्हणजे लेखी पुरावा नाही, नुसता अंदाज.

ग्रंथाची प्रुफं नेहमीसारखी मीच तपासली. प्रस्तावनेत होतं, "संशोधनापायी मी घराकडे कधीच दुर्लक्ष केलं नाही." लेकीच्या दोन्ही बाळंतपणांत हे पोलंडला होते.

त्या वाक्याआधी मी ठसठशीत चांदणी काढली.

"ही इथे कशाला?" ह्यांनी विचारलं.

"पुरावा आणा, लगेच खोडते."