डावीकडची खिडकी

"झुरिक सुटलं की डावीकडे बसा," इंदिराबाई भेंडी पुसता पुसता म्हणाल्या. "पाणी तिकडून दिसते."

विनताच्या हातातला लेकीचा, भानूचा, दुधाचा कप तसाच राहिला. झुरिक हे नाव तिनं या घरात मोठ्यानं कधी उच्चारलं नव्हतं. सासूबाईंना फक्त 'युरोप' सांगितलं होतं. लग्नाला दहा वर्षं होतात, म्हणून एकवीस दिवस, तिकडचा सगळा प्रवास आगगाडीनं, एवढंच. कोणती गावं, कोणत्या गाड्या, ते निळ्या वहीत होतं, आणि वही कपाटात साड्यांखाली.

"तुम्हाला कोणी सांगितलं, आई?"

"कोणी कशाला सांगते? भानू, तोंड उघड बेटा."

विषय तिथेच संपला.

ती वही विनता दोन वर्षं भरत होती. दुपारी भानू झोपली, अधारताल मोहल्ल्यातल्या रस्त्यावरचा गलबला जरा खाली बसला, की ती वही काढायची. सुरुवात माळ्यावर झाली होती. सासरे बाबाराव रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. ते गेल्यावर त्यांची जुनी टाइमटेबलं आवरताना तिला युरोपच्या रेल्वेचा नकाशा सापडला. काही स्टेशनांभोवती पेन्सिलीचे बारीक गोल होते. मोठी स्टेशनं असतील, म्हणून तिनं तीच धरली.

इन्सब्रुकला गाडी बदलायला चौदा मिनिटं. त्या चौदा मिनिटांवर तिचा फार जीव होता. बाकावर ती आणि श्रीकांत, दोघांत एक कॉफी, आणि 'आई, शू' म्हणून हाक मारणारं कोणी नाही. एवढं मनात आलं की ती दचकायची, उठून भानूच्या कपाळाला हात लावून यायची.

व्हिसा आला होता. शनिवारची गाडी ठरली होती. राहिलं होतं एकच. भानूला कोण सांभाळणार? अकोल्याला विनताच्या आईचा पाय प्लास्टरमध्ये. उरल्या इंदिराबाई. आणि त्या ना हो म्हणत होत्या, ना नाही. विचारलं की एकच शब्द, "बघू."

सोमवारी विनतानं वहीच्या पानांत आपला एक लांब केस ठेवला. मंगळवारी कपड्यांच्या घड्या करताना इंदिराबाई म्हणाल्या, "इन्सब्रुकला थंडी राहते. श्रीकांतचा मफलर घेजो."

विनता आत धावली. केस जिथल्या तिथं होता.

म्हणजे श्रीकांत. तो स्कूटर लावतो न लावतो तोच तिनं त्याला फाटकात गाठलं.

"आईंना गावांची नावं तू सांगितलीस?"

"मी? मला स्वतःलाच तिसरं गाव आठवत नाही, तुझी कसम!"

"मग त्यांना कळतं कसं?"

"टीव्हीवर पाहिलं असेल यार. काहून इतकं मनावर घेऊन राहिली?"

पण विनतानं घेतलं. केस परत होता तसा ठेवण्याइतक्या त्या हुशार आहेत, हे तिला ठाऊक होतं. तुझं काहीच माझ्यापासून लपत नाही, हेच त्या दाखवून देत होत्या. थांबवायचीही एक रीत असते. तोंडानं नाही म्हणावं लागत नाही.

बुधवारी चहाला ते निघालंच.

"शनिवारी अवस आहे," इंदिराबाई म्हणाल्या. "अवसेला घर सोडू नये."

"तिकिटं झाली, आई."

"तरी पण."

"म्हणजे जाऊच नये, असंच ना?" दहा वर्षांत पहिल्यांदा विनताचा आवाज चढला. भानूनं बिस्किट खाली ठेवलं.

इंदिराबाई उठल्या. फळीवरचे डबे काढू लागल्या. तांदूळ, हळद, जिरं; डब्यांवरची नावं बाबारावांच्या हातची, नकाशावर लिहितात तशी सुटी, तिरकी अक्षरं. पिवळ्या कपड्यात त्यांनी मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलं.

"उद्या पावणेअकराचा मुहूर्त आहे. समोर सत्यभामाकडे प्रस्थान ठेवून ये. चांगल्या वेळेला गाठोडं घराबाहेर पडलं, की माणूस निघालं असंच धरतात. मग शनिवारी जाताना तिच्याकडून ते उचलून घ्यायचं. अवस बाधत नाही."

विनता बघतच राहिली. "आणि भानू?"

"भानूचं काय? मी आहे ना." इंदिराबाईंनी गाठ आवळली. "फक्त एक ऐक. पोरीला ताप-बीप आला तर फोनवर विचारजो. पण मागे फिरू नको."

एवढं सोपं होतं, तर महिनाभर तो जीव का टांगून ठेवला? गुरुवारी गाठोडं घेऊन रस्ता ओलांडताना विनताच्या मनात तेच घोळत होतं. जायला मिळतंय, ते ठीक. पण वही वाचली ती वाचलीच. हे ती विसरणार नव्हती.

सत्यभामाकाकूंनी लोखंडी कपाटाचा खालचा खण ओढला.

"ठेव इथं. त्या दुसऱ्याला धक्का लावू नको."

कोपऱ्यात आणखी एक गाठोडं होतं. कधी काळी पिवळं असावं. आता चिंचेच्या रंगाचं.

"हे कोणाचं, काकू?"

"इंदिराचं. निघताना उचलणार होती. त्याच सकाळी श्रीकांतला गोवर निघाला." काकूंनी पदरानं चष्मा पुसला. "दर दिवाळीला कपाट आवरते मी. एवढं सोडून."

गाठीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता. विनतानं वाकून वाचला. पॅरिस, झुरिक, इन्सब्रुक, व्हिएन्ना, एकवीस दिवस, अक्षर सासूबाईंचं. आणि त्याखाली, हळद-जिऱ्याच्या डब्यांवरच्या त्याच सुट्या, तिरक्या अक्षरांत: 'इंदू, झुरिकनंतर डावीकडची खिडकी तुझी.'