देवीला सांगितलेला बोकड

आज जत्रा होती. चंद्या बोकडाला आंघोळ घालून रेश्माने त्याच्या कपाळाला हळद लावली. दोन वर्षांपूर्वी तिनेच देवीपुढे पदर पसरला होता. "माझी तनू बोलती होऊ दे, जत्रेला बोकड देईन." सासूबाईंनी त्याच आठवड्यात हे करडू आणलं, देवीला दाखवलं आणि गोठ्यात बांधलं.

तीन वर्षांची तनू तोवर 'आई'सुद्धा म्हणत नव्हती. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, तिच्याशी बोलत राहा. सगळं घर बोलत राहिलं आणि पोरगी नुसती बघत राहिली. मग एका सकाळी गोठ्यातून बारीक आवाज आला, "चंद्या, ये." त्याला पाला चारता चारता ती शब्दाला शब्द जोडायला शिकली.

"दुसरा बोकड दिला तर?" रेश्माने आज पुन्हा विचारून पाहिलं.

"देवीला हाच दाखवलाय," सासूबाई म्हणाल्या. "आणि पोरीची वाचा परत गेली तर काय करशील?"

ती भीती रेश्मालाही होतीच.

दारात टेम्पो येऊन थांबला. तनूने चंद्याचं दावं घट्ट धरलं, त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली आणि आईकडे वळली.

"आई, याला अजून बोलता येत नाही. पण मी शिकवतेय. तू घाई करू नको."