स्पर्धा नसती तर

"ताई, नऊच प्रश्न आहेत. दोन मिनिटं लागतील."

ओल्या केसांची ती बाई थंडीनं कुडकुडत होती, पण थांबली. कुठून आलात, किती दिवस राहणार, किती खर्च झाला, अशी उत्तरं त्यानं भराभर लिहून घेतली आणि मग शेवटचा, त्याचा लाडका प्रश्न विचारला. "ही स्पर्धा नसती, तर तुम्ही या गावात आला असता का?"

"इथे? कशाला मरायला!" ती म्हणाली आणि टॉवेल गुंडाळत पळाली.

त्यानं 'नाही'वर खूण केली. गावात त्याला सगळे पाहणीवाले साहेब म्हणायचे. स्पर्धेनं गावाचा किती फायदा होतो आणि पुढे किती होईल, याचा अहवाल लिहायला तो दर हिवाळ्यात यायचा. त्या अहवालाचा सगळा जीव या नवव्या प्रश्नात होता. बाहेरून आलेला पैसा तेवढा खरा. गावातलाच पैसा गावात फिरला, तर तो या खिशातून त्या खिशात. हे तो दुकानदारांना दर वर्षी समजावायचा आणि ते दर वर्षी माना डोलवायचे.

हे त्याचं चौथं वर्ष. पहिल्या वर्षी तलाव पोहून पार करायला दोनशे जण उतरले होते, यंदा एकेचाळीस. बॅनरवरचं साल तर चिकटपट्टी लावून बदललेलं. चहावाल्यानं अकरा वाजताच गाशा गुंडाळला होता. तरीही गेली तीन वर्षं त्यानं अहवालाच्या शेवटी ठोकून दिलं होतं: 'वाढीला भरपूर वाव आहे.'

कारण त्याची आई याच गावात राहायची. त्याच्या घरापासून गाडीनं सात तास. एरवी येणं व्हायचं नाही. मुलांच्या परीक्षा, कामं, काही ना काही निघायचंच. स्पर्धा समितीचं काम असलं, की मात्र जायचा-यायचा खर्च मिळायचा, लॉजचं बिल भरलेलं असायचं आणि फी इतकी वेळेवर यायची, की बाकीच्या गिऱ्हाइकांनी काही शिकावं. त्यातच आईकडे एक जेवण उरकायचं. दुसऱ्याच्या पैशानं आईला भेटतोय आपण, या विचारानं त्याचं मन खायचं. खायचं, आणि तो पुन्हा खोटं लिहायचा.

"लॉजवर का राहतोस रे?" असं तिनं पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"पाहणी करणाऱ्यानं गावात कुणाकडे राहायचं नसतं. नियम आहे," अशी त्यानं थाप मारली. नियमबियम काही नव्हता. लॉजवर शांतता होती, बस्स. तसंही वरचा मजला आईनं त्याच वर्षी भाड्यानं दिला होता. "रिकामाच पडलाय. शिवाय सोबत होते," म्हणाली होती.

यंदा तो जेवायला गेला, तेव्हा फ्रिजवर भाज्यांची यादी चिकटवलेली होती. हिरव्या शाईत, प्रत्येक शब्दाखाली रेघ. बाबा शाळा तपासनीस होते. त्यांच्या मागे राहिलेली हिरव्या पेनांची खोकी ती अजून संपवत होती. यादीत सगळ्या भाज्या त्याच्याच आवडीच्या होत्या.

"या वेळी खरं लिहिणार आहे, आई," तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"स्पर्धेत काही दम उरला नाही. बंद करा, असं."

वाढता वाढता आईचा हात थांबला. "मग तुझा अहवाल?"

"स्पर्धाच नाही, तर अहवाल कशाचा?"

"का बंद पडली, ते लिहायला कुणीतरी लागेलच की!"

त्याला ठसका लागेपर्यंत हसू आलं. "तू समितीतच जा बाई!"

आई हसली नाही. "इतक्यात नको लिहूस. एक वर्ष बघ," म्हणाली आणि तो नको नको म्हणत असताना आणखी वाढलं.

पुढचे घास त्यानं कसेबसे गिळले. खोटं लिहावं तर कामाशी बेइमानी, खरं लिहावं तर हे ताट बंद. नववा प्रश्न स्वतःला विचारायची मात्र त्याची हिंमत झाली नाही.

चार वाजता तो समितीच्या खोलीत गेला. सेक्रेटरी, म्हणजे गुडघ्यापलीकडे पाण्यात कधी न उतरलेला गृहस्थ, पोहायच्या टोप्या पेटीत भरत होता.

"काका, तीन वर्षं मी तुम्हाला फसवलं," त्यानं एका दमात सांगून टाकलं. "वाढीला काही वावबिव नाही. माझ्या फीवर पैसे उडवू नका."

सेक्रेटरी भडकेल असं त्याला वाटलं होतं. तो नुसता कान खाजवत म्हणाला, "आमच्याकडे कुठले पैसे, साहेब? तुमची फी, लॉज, सगळं एक हितचिंतक देतात. पहिल्यापासून."

"बाहेरचे की गावातले? अहवालात लिहावं लागेल. देणगीदारांसाठी मी यंदा फॉर्म पाठवले होते ना? त्यांचा कुठाय?"

"राहू द्या ना. नाव सांगायचं नाही, असा शब्द दिलाय मी."

"नाव झाका. मला उत्तरं पुरेत."

सेक्रेटरीनं कपाट उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. शेवटी नावावर अंगठा दाबून त्यानं फॉर्म पुढे केला.

आठ रकाने कोरेच होते. फक्त नवव्या प्रश्नापुढे, 'ही स्पर्धा नसती, तर आपल्याकडे पाहुणे आले असते का?' याच्यापुढे, हिरव्या शाईत, खाली रेघ ओढून, दोनच शब्द लिहिले होते: 'नसता आला.'