डागी पेरू

"सर, झेरॉक्स मशीन आणि चित्रकार यांत फरक काय?"

विचारणारी दिशा, पण प्रश्न रेश्माच्या टोळीचा. विचारलास तर वडापाव, अशी पैज लागली होती. सगळा वर्ग हसू दाबून बसला.

चित्रकलेचे वाकचौरे सर तिच्या बाकाशी आले. तिथं कागदावर तिचा पेरू तयार होता. फोटोवर चौकोन आखून, तेच चौकोन कागदावर मोठे करून, रेघ न् रेघ उतरवलेला. गोल, गुळगुळीत, हुबेहूब. उद्या तालुक्याच्या स्पर्धेला तोच जाणार आणि नंबर काढणार, हे घरीदारी ठरून गेलं होतं.

"हात झकास आहे तुझा," सर म्हणाले. "आता डबा उघड."

डब्यात पेरू होता. राहाता म्हणजे पेरूच्या बागांचं गाव, पोरींच्या डब्यात तो असतोच. सरांनी तो बाकावर ठेवला आणि तिचा खोडरबर खिशात घातला.

"कागदाकडं बघायचं नाही. नजर पेरूवर. ती जेवढी सरकेल, तेवढीच पेन्सिल सरकवायची."

"न बघता? सर, बटाटा होईल त्याचा!"

"होऊ दे की."

वर्ग खिदळला. दिशाची नजर देठापासून निघाली. फांदीला टेकून एक बाजू चपटी झाली होती. खाली साल खरखरीत. मग पोपटाच्या चोचीचा खड्डा, कडेनं वाळलेला. रोज कचाकचा खायचं हे फळ. बघत होती आज पहिल्यांदा. घंटा झाली, तिला कळलंच नाही. मान खाली घातली तेव्हा कागदावरचा पेरू वाकडा होता, शेवटी रेघ रेघेला भेटलीही नव्हती.

सरांनी खोडरबर पुढं केला. तिनं घेतला नाही.

"एक नाही, दोन वडापाव," मागून त्या कागदाकडं बघत रेश्मा हळूच म्हणाली.

संध्याकाळी पप्पा अंगणात पेरूचा माल निवडत होते. चांगला या क्रेटात, डागी त्या. दिशानं गुळगुळीत पेरूचा कागद समोर धरला.

"लई भारी!" पप्पांचे हात चालूच होते. "कुठल्या झाडाचा गं?"

तो तर फोटोतला. तिनं दुसरा कागद काढला.

पप्पांचे हात थांबले. "आगं, ह्यो तर आपल्या हिरीकडच्या झाडाचा! पोपटानं टोचला म्हून सकाळी मीच तुझ्या डब्यात टाकला." त्यांनी हात पँटला पुसले, मगच कागद धरला.

आई दारातून डोकावली. "आन् त्यो चांगला सोडून ह्यो द्यायचा? हातचा नंबर जाईल की गं!"

"जाऊ दे," दिशा म्हणाली. "तो चांगला घरात लावा. उद्या स्पर्धेला हा डागीच जाणार."